सुतकातलं शेण

नवरा गेला त्यानंतर बरेच महिने मला काही वाटत नव्हतं. दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते असावं कुठेतरी, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग आपणच आपल्या गालाला हात लावून बघतो आणि तो गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं काहीसं झालं होतं. लोक भेटायला यायचे, माझा हात धरून रडायचे, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला उठायची. सासूबाईंच्या बहिणीने तर मला आतल्या खोलीत नेऊन बजावलं, "रडून घे वं पोरी, नाही तं डोक्यात जाते." मी हो म्हटलं आणि तिचा पानाचा डबा शोधायला गेले.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नागपूरला महाल भागात दोन खोल्यांत राहत होतो. नवरा एका संस्थेत गोबरगॅसची कामं करायचा. खेड्यात शेणाची टाकी बांधायची, तिच्यावर लोखंडी ड्रम बसवायचा, आणि त्या गॅसवर घरोघरी दिवे लावायचे, असं ते काम. लोकांना घासलेटच्या धुरातून सोडवायचं, हे त्याचं वेड होतं. जेवताना माझ्याशी बोलायचा ते पाइपांबद्दल. मी चिडून म्हणायची, कधी तरी भाजीबद्दलही बोल. मग त्याला कावीळ झाली, ती उतरलीच नाही, आणि भाजीचा प्रश्न निकालात निघाला.

संस्थेच्या मोठ्या साहेबांनी मला ऑफिसात टायपिंगला घेतलं. चांगला माणूस होता. फक्त कुठलीही गोष्ट एका वाक्यात सांगितली की त्याला ती समजली असं वाटायचं. उमरेड रोडवरच्या एका गावातून दिवे बंद पडल्याच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा त्याने मला बोलावून सांगितलं, "तुमच्या मिस्टरांचं सगळ्यात लाडकं गाव होतं ते. तुम्हीच एकदा बघून या. दिवे टिकत नसतील तर संस्था तिथला ड्रम उचलून दुसऱ्या गावाला देईल." टायपिंग करणारीला गोबरगॅस बघायला पाठवणं हा शहाणपणा नव्हता, पण मी गेले. मला घरी बसणं आणि एसटीत बसणं सारखंच होतं.

गावात विजेचे खांब येऊन उभे होते. तारा सरपंचाच्या घरापर्यंत पोचून तिथेच थांबल्या होत्या. गावाच्या या टोकाला विणकरांची गल्ली होती, घराघरात खड्ड्याचा हातमाग. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून माणूस बसणार आणि समोर ताणलेलं सूत. गल्लीच्या मागे चिंचेखाली टाकी होती. तिथून पाइप भिंतीभिंतीने फिरवून प्रत्येक घरात मागावर एक दिवा टांगला होता. त्या दिव्याला कापडी जाळी असते, ती पेटली की पांढरा उजेड पडतो आणि बारीक सू सू आवाज येत राहतो. गल्लीच्या पुढे नाला होता आणि नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती. पाइप नाल्याच्या अलीकडेच संपला होता.

पाइपाचे सांधे मी बघितले. प्रत्येक सांध्यावर सफेदा लावून ताग गुंडाळला होता, अगदी घट्ट, आणि टोक आत खोचलेलं. नवरा घरी नळाला गुंडाळायचा तसंच. मी त्यावरून बोट फिरवलं आणि थांबून राहिले. आता काही तरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. बोटाला सफेदा लागला तेवढा, तो मी पदराला पुसला.

गल्लीतल्या पहिल्या घरात जी बाई राहायची तिला अख्खं गाव मामी म्हणायचं. चाळिशीची असेल. उंच, हाडाची, आणि बोलायला लागली की समोरच्याला बसायची सोय ठेवायची नाही. गॅसवाल्या साहेबाची बायको म्हणून तिने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि लगेच भांडायला सुरुवात केली.

"तुमच्या साहेबानं लाइट लावून देला, लई चांगलं केलं. पन थो राहून नाही राहिला, बाई. पंधरा दिस जळते, महिनाभर इझते. असा लाइट काय कामाचा?"

मी विचारलं, नसला तर घासलेटच्या चिमणीवर चालत नाही का?

मामी उठली आणि एक पांढरं लुगडं आणून माझ्या मांडीवर पसरलं. बारीक सुताचं, सुंदर. काठापासून हातभर अंतरावर बोटाएवढा करडा डाग होता. चिमणीची काजळी उडून ओल्या खळीच्या सुतावर बसली होती आणि विणीत गेली होती. धुऊन निघत नाही ती. नागपूरच्या गांधीबागेतला कापडाचा शेठ असं लुगडं उलगडून बघतो आणि घडी न घालताच परत ढकलतो. म्हणून विणकर दिवस असेपर्यंतच मागावर बसायचे. एवढ्यात घर चालायचं नाही. मामीचा नवरा याच कारणाने नागपूरला पॉवरलूमच्या शेडमध्ये कामाला गेला होता. दिवा लागला तेव्हा तो परत आला. संध्याकाळीही माग चालायला लागला. दिवा विझला तसा पुन्हा गेला. असं त्याचं जाणं-येणं झालं होतं.

"मांगच्या खेपेले जातानी म्हने, आता लाइटचं पक्कं झालं तरच येतो, नाही तं माग मोडून टाक, आन तूही तिकडंच चाल. शेडमध्ये!" तिने खड्ड्याकडे हात केला. "लाइट राह्यला तं थो राह्यते, बाई. नाही तं नाही. माहं एवढंच हाये."

मी मान हलवली. दुसऱ्या बाईचा नवरा घरी राहावा म्हणून माझ्या नवऱ्याचे दिवे जगवायचे, असं काम माझ्याकडे आलं होतं. हे लक्षात आलं तेव्हाही काही वाटलं नाही. गमतीचं आहे, एवढं मनात आलं.

टाकी मी उघडून पाहिली. मला त्यातलं काय कळणार, पण इतकी वर्षं जेवताना ऐकलेलं कुठे तरी उरलं होतं. टाकीत बिघाड नव्हता. ती उपाशी होती. शेणकाल्याने वरून वाळून पापुद्रा धरला होता आणि गॅस नसल्यामुळे ड्रम खाली बसला होता. टाकीत शेण टाकायची घरोघर पाळी लावलेली होती, गोठ्यांतून शेण निघत होतं, आणि ते सगळं शेजारच्या उकिरड्यावर जात होतं. मी मामीला विचारलं, "हे इथे टाकायचं सोडून तिथे काहून?"

"सुतक हाये ना!" ती म्हणाली. जणू मी विचारलं होतं की पाऊस पडतो तेव्हा कपडे आत काहून घेता.

मग हळूहळू उलगडलं. गल्ली म्हणजे जवळजवळ एकच भावकी. गल्लीतला एक म्हातारा वारला होता, म्हणून सगळ्यांना दहा दिवस सुतक. ज्याच्या घरी मयत त्याचाच माग थांबायचा, बाकी भावकीचे माग चालायचे, पण देवपूजा सगळ्यांची बंद. आणि टाकीचा एक दिवा देवळात होता. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ आहे, तिथे माझ्या नवऱ्याने हौसेने एक दिवा लावून दिला होता. लोकांना टाकी आपली वाटावी, कौतुक वाटावं, म्हणून. तेव्हा नारळ फुटला होता, साखर वाटली होती. पण त्या दिवसापासून ती टाकी देवाची झाली. देवापुढे जो गॅस जळतो त्यात सुतकातलं शेण कसं टाकायचं? कॉक बंद केला तरी काय, टाकी एकच. आणि सुतकासारखंच सोयर. घरात मूल जन्मलं तरी दहा दिवस तेच. भावकी मोठी होती. कोणी मरत होतं, कोणी जन्मत होतं. वर्षातला चांगला मोठा भाग टाकी उपाशी असायची. दहा दिवसांनी शेण पडायला लागलं तरी गॅस चढायला वेळ लागायचा, तोवर पाइपात पाणी साचलेलं, जाळ्या फुटलेल्या, आणि दिवा रुळावर येतो न येतो तोच कुणाच्या तरी घरी पाळणा हलायचा.

"मग हे माझ्या नवऱ्याला आधी काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

मामी माझ्याकडे बघतच राहिली. "शुभ काम चाललं होतं, बाई. नारळ हातात होता. तवा मयतीची गोष्ट कोन काढन?"

देवळातला दिवाच काढला तर, असं मी विचारून पाहिलं. तिथे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या कपाळाकडे. कुंकू नसलेल्या बाईने देवाचा दिवा काढायची गोष्ट करावी, हे त्यांना एकूण बरोबरच जुळून आल्यासारखं दिसलं. मी तो विषय सोडला.

ऑफिसात परत येऊन सगळं सांगितलं तेव्हा मोठ्या साहेबाने एका वाक्यात समजून घेतलं. "अंधश्रद्धा," तो म्हणाला. "लोकांचं प्रबोधन करायला पाहिजे."

मला वाद घालायची इच्छा नव्हती. पण सुतक मला माहीत होतं, ताजं माहीत होतं. त्या दहा दिवसांत मला कोणी काही करू दिलं नव्हतं. शेजारच्या बायका पिठलं-भात आणून द्यायच्या, आमचं पाणी भरायच्या, आणि मी कोपऱ्यात बसून होते. सुतकाचं एक बरं असतं, त्यात माणसाकडून कुणाला काही नको असतं. ज्याच्या घरी मयत झाली त्याने हात टेकून बसावं आणि बाकीच्यांनी त्याची कामं ओढावीत, एवढीच मुळात ती सोय असावी. मी साहेबाला तसं म्हटलं. म्हटलं, आमच्या सुतकात शेजारणींनी चूल सांभाळली. त्या टाकीला शेजारीच नाहीत. सगळे एकाच घरचे.

साहेब खूश झाला. "मग नाल्यापलीकडची वस्ती आहे की. बौद्ध आहेत, सुतक-बितक पाळत नाहीत. सुतकाच्या दिवसांत त्यांना मजुरी देऊन टाकी भरून घेऊ. मस्त!" मलाही ते ठीक वाटलं. तेव्हा मला सगळंच ठीक वाटायचं.

वस्तीत एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची. सातवीपर्यंत शिकलेली. विहारात संध्याकाळी बायकांना आणि पोरांना कंदिलाच्या उजेडात वाचायला शिकवायची. तिला सगळे ताई म्हणायचे. मी तिच्या अंगणात बसून साहेबाचा निरोप सांगितला. ती सुपात तांदूळ निवडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिने खडे वेचणं थांबवलं नाही.

"म्हणजे मयत त्याईच्या घरी, लाइट त्याईच्या घरी, आन शेन टाकाले आमी," ती म्हणाली.

मी म्हटलं, मजुरी मिळेल.

तिने सूप खाली ठेवलं. "बाई, माहा सासरा दुसऱ्याच्या मयतीचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जात होता. उन्हातान्हात. सांगावा सांगून झाला का लोक त्याले दुरून भाकर टाकत. त्यालेही तुमी मजुरीच म्हनसान. ते आमी सोडलं. सगळ्याईनं मिळून सोडलं. आता तुमी थेच काम पाइप लावून घेऊन आल्या."

आवाज चढवला नव्हता तिने. मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते. खरं तर मला तिथे शरमेने मान खाली घालायला हवी होती. मान खाली होतीच, पण ती आधीपासूनच असायची. तिने मला निरखून पाहिलं आणि थोडी मऊ झाली. "तुमी गॅसवाल्या साहेबाच्या घरच्या ना? थो मानूस चांगला होता. पाइप टाकत टाकत नाल्यापर्यंत आला, आन मी विचारलं, इकडं कवा? तं म्हने, एवढाच मंजूर हाये, ताई, पुढच्या वर्षी पाहू." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "आमच्याकडंही म्हशी हायेत. शेन आमाले काही जड नाही. पन ज्याच्या घरी लाइट नाही, थो शेजारी कसा होईन?"

मी परत नाला ओलांडला आणि मामीला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ती संतापेल. ती कांड्या भरत होती. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहान नळी, चरख्यावर भरतात. तिने चरखा थांबवला आणि सुटलेलं टोक कांडीला गुंडाळलं. मग म्हणाली, "बरोबर हाये तिचं." आणि थोड्या वेळाने, "पाइप हाये काय तुमच्यापाशी?"

पाइप होता. दुसऱ्या एका गावचं काम रद्द झालं होतं आणि त्याचा पाइप ऑफिसच्या गोदामात पडून होता. मी साहेबाला मागितला. तो म्हणाला, वस्ती योजनेत बसत नाही, लाभार्थी आधीच ठरले आहेत. मी परत मागितला. तो परत तेच म्हणाला. मग एक दिवस तो दौऱ्यावर गेलेला असताना मी गोदामवाल्याला म्हटलं, काढ बाहेर, मी सही करते. गोदामवाला घाबरला. मी नाही घाबरले. लोक याला नंतर माझी हिंमत म्हणाले, पण हिंमत वगैरे काही नव्हती. भीती वाटायला माणसाला काही तरी वाटावं लागतं. मी रस्त्यावरचा एक टेम्पो थांबवला, पाइप चढवला आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसून उमरेडचा रस्ता धरला.

गल्लीत चावडीसारखी बैठक बसली. मारुतीच्या ओट्यावर गल्लीवाले, समोर वडाच्या मुळांवर वस्तीवाले, मधे मी आणि पाइप. ठरवायचं एवढंच होतं की दोन्हीकडचं शेण एका टाकीत, दिवे दोन्हीकडे, आणि एकाकडे सोयर-सुतक असलं तर दुसऱ्याने टाकी पाहायची. वस्तीत मयत झाली तरी तेच, गल्लीने पाहायचं. ताईने हे शेवटचं मुद्दाम म्हणून घेतलं. मजुरीचं नाव कोणी काढलं नाही.

एक म्हातारा खाकरला. "पन देवाच्या लाइटात त्यांच्या घरचं शेन..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामी उठून उभी राहिली. "काहून गा बुढ्या, म्हैस कोनाच्या घरची हाये हे शेनाले मालूम राह्यते काय? आन तुह्या मारुतीले एवढंच वाईट वाटलं तं इझवन थो आपला लाइट. त्याले कोनं धरलं हाये?"

लोक हसले. वस्तीकडचेही हसले. ताई मात्र हसली नाही. ती मामीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात अजून पुष्कळ शिल्लक होतं. एका बैठकीत जाण्यासारखं ते नव्हतं. म्हातारा पुटपुटत बसला, पण उठून गेला नाही.

नाल्याखालून पाइप न्यायला दोन्ही काठांकडून लोकांनी खोदलं. मी ओट्यावर बसून बघत होते. कोणी कुणाच्या हातचं पाणी घेतंय, कोणी घेत नाहीये, हे सगळं मला दिसत होतं. गल्लीतल्या दोघी-तिघींनी आपला तांब्या वेगळाच ठेवला होता. ताईनेही ते पाहिलं आणि आपल्या बायकांना सांगून वस्तीचा माठ अगदी मधे आणून ठेवला, ज्याला प्यायचं त्याने प्यावं म्हणून. मामी प्यायली. बाकीच्या गल्लीचं मी सांगत नाही.

विहारात दिवा लागला त्या संध्याकाळी मी तिथे नव्हते. मोठ्या साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. तो खूप बोलला. शिस्त, नियम, विश्वास. मी ऐकून घेतलं. तो म्हणाला, "तुम्हाला याचं काहीच वाटत नाही का?" मी म्हटलं, नाही. हे मी उद्धटपणे नव्हतं म्हटलं, विचारलं त्याचं उत्तर दिलं. त्याने कपाळावर हात मारला आणि शेवटी सोडून दिलं, कारण आता ते दिवे विझले तर त्याचीच पंचाईत होती.

खरी परीक्षा पावसाळ्यात आली. गल्लीत एक बाळंतपण झालं, आणि त्याचं सोयर फिटतं न फिटतं तोच दुसऱ्या टोकाला एक म्हातारी गेली. मी जाळ्यांची पेटी पोचवायला गेले होते. टाकीपाशी ताई आणि आणखी दोघी होत्या. साड्या खोचून, कोपरापर्यंत हात शेणात, पाणी घालून कालवत होत्या. ताईचा चेहरा काही प्रसन्न नव्हता. मी विचारलं, त्रास होतोय का? ती म्हणाली, "त्रास कायचा? पन मनात येतेच, बाई. हात शेनात गेला का सासरा आठवते." मग हात धुता धुता म्हणाली, "मांगच्या महिन्यात आमच्याकडं मयत झाली तवा हे आलते पन. मामी आलती, थो बुढा पन आलता. लांबूनच पाटी ओतली त्यानं, पन ओतली." ड्रम वर आलेला होता. दिवे जळत होते.

साहेबाने ड्रम उचलायची भाषा सोडली. उलट पाहुणे आले की त्यांना ते गाव दाखवायला न्यायचा आणि शेजारधर्मावर भाषण करायचा. ती कल्पना त्याची होती असं आता त्याला मनापासून वाटत होतं.

मामीचा नवरा थंडी पडायला लागली तेव्हा आला. मी त्याला आधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी दुपारच्या बसने गेले होते. कामं आटोपेपर्यंत दिवेलागणीची वेळ झाली, आणि मामीने चहाला थांबवलं. मी भिंतीला टेकून बसले. तो खड्ड्यात पाय सोडून मागावर होता, बारकासा, पुढे पडलेल्या खांद्यांचा माणूस. धोटा इकडून तिकडे जात होता. मामी त्याच्या डाव्या बाजूला चरखा घेऊन कांड्या भरत होती. वर दिवा सू सू करत होता. गल्लीत तेव्हा पुन्हा कुणाचं तरी सुतक चालू होतं.

"लाइट इकडं सरकव जराशीक," तो म्हणाला. "काठ दिसून नाही राहिला."

"सकाळपासून तुलेच उजेड पाहिजे," मामी म्हणाली. "मले दोरा दिसाले नको काय?"

"तुह्या कांड्या ढिल्या हायेत. उजेडात भरून तरी काय फायदा?"

"ढिल्या वाटतेत तं सोता भर. शेडमध्ये कोन भरून देत होतं? बायको ठेवली होती काय तिथं?"

"ठेवली असती तं बरं झालं असतं. गप तरी राह्यली असती."

आणि हे बोलता बोलताच त्याने मान वर न करता, उजव्या हातातली मागाची मूठ न सोडता, डाव्या हाताने दिव्याची तार तिच्या बाजूला ढकलली. ती बघत नव्हती. उजेड चरख्यावर आला तरी तिचं भांडण चालूच होतं.

मला हेवा वाटला.

दुसरा शब्द नाही त्याला. चांगलं काही वाटलं असतं तर मी तेच लिहिलं असतं. इतक्या महिन्यांनी माझ्या आत जे काही पहिल्यांदा हललं ते हे होतं, आणि ते इतकं जोरात आलं की हातातला चहा प्यायचाच राहिला. पाइपाचा कॉक माझ्या खांद्याजवळच होता, तागाचं टोक आत खोचलेला. तो फिरवावा असं मला वाटलं. एकदा फिरवावा आणि त्या दोघांना अंधारात बसवावं. पुन्हा नागपूरला जाऊ दे याला, मोडू दे तो माग, हिलाही कळू दे. मी हे दिवे कुणासाठी जगवले, कशासाठी नाला खोदवला, काही सुचत नव्हतं. माझ्याशी कोणी भांडत नव्हतं. भाजीबद्दल बोल म्हणून ज्याच्यावर चिडायचं तो नव्हता. घरी गेल्यावरही नसणार होता, उद्याही नसणार होता.

कप खाली ठेवला तो कलंडला. मामीने वळून पाहिलं.

"काय झालं, बाई?"

माझा आवाज फुटला तो असा की मागावरचा माणूसही दचकला.

"माझा नवरा मेला, मामी," मी म्हटलं.

तिला ते माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं, वस्तीला माहीत होतं. ती मला तसं म्हणाली नाही. चरखा बाजूला सारून ती माझ्याकडे सरकली आणि माझं डोकं तिने आपल्या खांद्यावर दाबलं. तिच्या लुगड्याला खळीचा वास होता.

"थांबव गा तुहा माग," ती नवऱ्याला म्हणाली. "हिच्या घरी मयत झाली हाये."

धोटा थांबला. तो खड्ड्यातून पाय वर घेऊन उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी रडत राहिले. शेवटची बस गेली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.